जागा कोण खातंय?

“कुणीतरी खातंय,” मी म्हणालो.

“काय खातंय?”

“जागा. कॉम्प्युटरमधली.”

विष्णुपंत शेट्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या मेडिकलमध्ये जाऊन जुलाबाच्या गोळ्या चघळायला मागितल्या.

“भालचंद्र, तू मिक्सर दुरुस्त करतोस. मिक्सरच कर. कॉम्प्युटरला व्हायरस झालाय. त्याला औषध एकच, फॉरमॅट. सगळं पुसायचं, कोरं करायचं.”

“व्हायरस असता तर तुम्ही आत्तापर्यंत एक बाटली विकली असती त्याला.”

वाचनालयाच्या पायरीवर इंदूमावशी मेथी निवडत बसली होती, ती खदखदून हसली. शेट्यांचे कान लाल झाले. ते वाचनालयाचे कार्यवाह. आणि मी कोण, तर समोरच्या गाळ्यात पंखे-मिक्सर उघडून बसणारा भाल्या तांबट. वर आदल्याच वर्षी शेट्यांच्या स्कूटरच्या ब्रेकला कुणीतरी हॉर्नची वायर जोडली होती. ब्रेक दाबला की पीं! पंधरा दिवस अख्खी सोमवार पेठ त्यांना वाट देत होती. संशय सगळ्यांना माझाच होता. पण पुरावा? आपलं काम स्वच्छ असायचं. चाळिशीला आलो तरी एकदाही रंगेहाथ सापडलो नव्हतो.

तेवढ्यात गुरवबाई वही घेऊन बाहेर आल्या. संजीवनी गुरव, आमच्या ग्रंथपाल. तिशीतली बाई, आवाज एवढा हळू की नळाखाली बादली असेल तर ऐकू यायचा नाही.

“आज नऊ पॉइंट सहा,” त्यांनी वहीतनं वाचलं. “काल साडेअकरा होती. संक्रांतीला सत्तावीस जीबी मोकळी होती, साहेब. मी काही टाकत नाही, कुणी काही टाकत नाही. आणि संध्याकाळी तर प्रोग्रॅम असा गोठतो की बाण हलवला तरी हलत नाही.”

“बघ!” शेटे म्हणाले. “व्हायरस.”

“चोर,” मी म्हणालो. “रविवारपर्यंत पकडून देतो. फॉरमॅट न मारता.”

“आणि नाही दिलास तर?”

“तुम्ही सांगाल ते.”

आता शेट्यांना काही सुचेना. माणूस सरळ, शिक्षा ठोठवायची म्हटली तरी त्याला घाम फुटायचा. इंदूमावशीनं मेथीची जुडी खाली ठेवली.

“मी सांगते. हरंल त्यानं माझ्यासंगं फुगडी घालायची. इथंच, वाचनालयासमोर, रविवारी भाजीवाल्या बसल्यावर. एकवीस फेरे. मधी हात सोडला तर पहिल्यापास्नं.”

मावशी अडुसष्ट वर्षांची, वजन नव्वदच्या पुढं, महिला भजनी मंडळाची अध्यक्ष. गेल्या नागपंचमीला तिच्या जोडीदारणीचं मनगट मुरगळलं, तेव्हापासून पेठेत तिच्यासमोर उभी राहायला कुणी तयार नव्हतं.

“मंजूर,” मी म्हणालो. शेट्यांनी मान हलवली.

ही दोन हजार आठची गोष्ट. कॉम्प्युटर कुणीतरी देणगी दिलेला, चाळीस जीबीचा. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. मंडळाच्या बायकांनी त्याला क्रोशाची कव्हरं विणली होती, टीव्हीसारख्या डोक्याला एक आणि खालच्या डब्याला एक. त्यामुळं डबा टेबलाखाली बसला असला की घूं घूं आवाज यायचा, पण चालू आहे की बंद, दिवा कुणाला दिसायचा नाही.

गंमत माझ्यापुरती होती. गुरवबाईंची नव्हती. जूनपासून त्या एकेक पुस्तक हातात घेऊन नाव, लेखक, नंबर, कपाट, सगळं त्यात भरत होत्या. सात हजार पुस्तकं. पुढच्या सोमवारी तपासणी होती. यादी छापून तयार असली तर वाचनालय क वर्गातनं ब वर्गात जाणार, आणि ब वर्ग मिळाला तर बाईंची हंगामी नोकरी कायम होणार. घरात नवरा आजारी. फॉरमॅट मारला की सात हजार पुस्तकं गेली, आणि त्यांच्याबरोबर नोकरीही.

“यादी आधी दुसरीकडं काढून ठेवता येत नाही का?” मी विचारलं होतं.

“तो प्रोग्रॅम यादी बाहेर काढायला आधी मोकळी जागा मागतो, भालूभाऊ. आणि मागितली की गोठतो.”

बुधवारी मी तपास सुरू केला. म्हणजे काय, तर डब्याचं कव्हर काढलं, ब्लोअरनं धूळ उडवली, एक मेलेली पाल काढली, आणि सगळ्यांना ती कागदावर ठेवून दाखवली.

“हीच खात होती,” मी म्हणालो.

गुरुवारी सकाळी सात पॉइंट सात झाले होते. पालीचा काही संबंध नव्हता.

तोपर्यंत पेठेला नाद लागला होता. सकाळी साडेआठला दूधवाला, इस्त्रीवाला, शाळेचे मास्तर, सगळे पायरीवर. “आज किती राहिली?” “मी म्हणतो सात.” “ह्यॅ, साडेसातच्या खाली येत नाही.” बाई आत जायच्या, बटण दाबायच्या, आणि बाहेर येऊन आकडा सांगायच्या. ज्याचा जवळ, त्याला चहा. वाचनालयात एवढी माणसं पूर्वी कधी आली नव्हती. शेटेसुद्धा दुकान उघडायच्या आधी यायचे आणि हळूच कागदावर आकडा लिहून खिशात ठेवायचे.

गुरुवारी सकाळी मी माझा जालीम इलाज केला. कॉम्प्युटरचं टेबल पूर्वेला फिरवलं, डब्याला तांब्याची तार बांधून ती मागच्या नळाला जोडली, आणि तारेला लिंबू-मिरची लटकवली. तार खरी होती. लिंबू गर्दीसाठी.

“हा काय चावटपणा?” शेट्यांनी विचारलं.

“अर्थिंग.”

“आणि लिंबू?”

“अर्थिंग पक्कं होतं.”

शुक्रवारी सकाळी साडेआठला पायरीवर वीस-बावीस माणसं होती. बाई आत गेल्या. बराच वेळ बाहेर येईनात. आल्या त्या डोळे मोठे करून.

“सात पॉइंट सात. कालच्याएवढीच!”

काय सांगू तुम्हाला! दूधवाल्यानं मला उचललं. इस्त्रीवाल्यानं हार आणला, कुणाचा उतरवलेला होता देव जाणे, पण घातला. मी लिंबाला हात जोडून उभा. शेटे कोपऱ्यात, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, “साहेब, साडी नेसून घालणार फुगडी की धोतरावर?”

दुपारी इंदूमावशी गाळ्यावर आली. “भाल्या, म्हणं जिंकलास? आम्हांला ठावंच नाही. काल आख्खं मंडळ पाटणला डोहाळजेवणाला गेलंतं. रात्री उशिरा आलो.”

“बरं झालं मावशी. आता शेट्यांच्या मनगटाला तेल लावायला सांगा.”

शनिवारी सकाळी आकडा आला. पाच पॉइंट आठ.

हार घालणारा इस्त्रीवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. शेट्यांनी खिशातनं कागद काढला, त्यावर पाच पॉइंट नऊ लिहिलेलं होतं. चहा त्यांनीच जिंकला. तो पिता पिता म्हणाले, “स्टँडजवळच्या नलवड्याला सांगितलंय. उद्या सकाळी दहाला येतो. फॉरमॅट.”

“साहेब,” गुरवबाई म्हणाल्या, “एक दिवस थांबा ना.”

“परवा तपासणी आहे, बाई. तपासणीसाला बंद पडलेला कॉम्प्युटर दाखवू? कोरा असला तरी चालता तर असेल.”

“आणि यादी?”

शेट्यांनी कप खाली ठेवला. “वह्या आहेत ना जुन्या. त्या दाखवू.”

बाईंनी वही उघडली. वहीत तारीख लिहिली, आकडा लिहिला, आणि त्याच्यापुढं आणखी काहीतरी लिहिलं. त्या काय लिहितात ते बघायचं मला सुचलं नाही. माझ्या डोक्यात फुगडी गरगरत होती.

आता खरं सांगतो. मला चोर सापडणार नव्हता. मग म्हटलं, सापडत नसला तर बनवावा.

शनिवारी संध्याकाळी बाई आतल्या खोलीत मासिकं वाटत असतात. सातच्या सुमाराला मी तीन सिनेमांच्या दोन-दोन, अशा सहा सीड्या शर्टात घालून वाचनालयात गेलो. कॉम्प्युटरपाशी फक्त दत्तोबा होता. दत्तोबा म्हणजे शिपाई. साठीचा, तंबाखू मळत बसणारा, माझ्या सगळ्या उद्योगांचा जुना भागीदार.

“दत्तोबा, दाराकडं बघा. बाई आल्या की खोका.”

“काय करतोयस?”

“चोर घालतोय पेटीत. शेट्यांच्या नावाचं खातं उघडतो, त्यात हे तीन सिनेमे कोंबतो. उद्या नलवडे आला की मीच म्हणणार, आधी आत काय काय आहे ते बघू. उघडलं की शेटे सिनेमेवाले! त्या तोंडाला मग फुगडीशिवाय गत्यंतर नाही.”

“भाल्या, त्यो देवमाणूस हाय रं. सिनेमा म्हंजे काय त्याला ठावं न्हाय.”

“म्हणून तर मजा. त्या स्कूटरच्या वेळीसुद्धा तुम्ही असंच म्हणाला होता. वायर कुणी धरली होती?”

“धरली म्या,” दत्तोबा हसला. “पर जोडली तू.”

सीडी घालणं, कॉपी, पेस्ट, एवढं मला येत होतं. पहिल्या पाच गेल्या. सहावी जवळजवळ पुरी होत आली आणि पडदा थांबला. बाण थांबला. मी माऊसचा उंदीर टेबलावर आपटला. मग एक पाटी आली, जागा संपल्याची. मी सीडी उपसून काढली आणि म्हटलं, “झालं की. कुणाला कळतंय!” आणि सटकलो.

गाळ्यात येऊन मी शटरच्या फटीतनं बघत होतो. बाई बाहेर आल्या, खुर्चीवर बसल्या. पाच मिनिटं त्यांचा हात उंदरावर नुसता होता. मग त्यांनी पदर डोळ्याला लावला. सकाळी आलेली शंभर नवी पुस्तकं त्यांनी दिवसभर भरली होती, ती सेव्ह होईनात. आठ वाजता दत्तोबानं मेन स्विच पाडला तेव्हा त्या उठल्या.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. जेवलो. पण दुसरी भाकरी घेतली नाही.

रविवारी दहाला नलवडे हजर. हातात स्क्रूड्रायव्हर, काखेत सीड्यांचं पाकीट. बाहेर भाजीवाल्या, आत अर्धी पेठ. इंदूमावशी सगळं मंडळ घेऊन, टाळांसकट आली होती. फुगडीला ताल नको का?

“फॉरमॅट मारला की नव्यासारखा पळंल,” नलवडे म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

“थांबा,” मी पुढं झालो. “आधी बघू तरी आत कोण बसलंय. माझी पैज आहे.”

नलवडेनं यादी काढली, मोठ्या वस्तू वर. पहिल्यांदाच आलं: शेटे. खाली तीन सिनेमांची नावं. त्यातलं एक तर असं होतं की मंडळाच्या दोन बायकांनी तोंडावर पदर घेतला.

“साहेब!” मी कपाळावर हात मारला. “वाचनालयात? देवी सरस्वतीच्या तसबिरीखाली?”

शेट्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत पडद्याकडं बघितलं. “मी... मला... हे मी...” कुणीतरी मागनं शिट्टी मारली. त्यांच्या मिसेस दारात उभ्या होत्या, त्या वळून चालायला लागल्या. शेटे त्यांच्या मागं दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. गर्दीला हसू आवरेना. ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातल्या उत्तम पाच मिनिटांपैकी होती, हे मी आजही कबूल करतो.

“उडवा ते,” गुरवबाई म्हणाल्या.

नलवडेनं सिनेमे उडवले. “चार जीबी सुटली.”

“चार,” बाई म्हणाल्या. “संक्रांतीपासून गेलीत सत्तावीस. बाकीची तेवीस कुठं आहेत?”

सगळे पडद्याकडं वळले. मी पण. तेवीसचा हिशोब माझ्या बेतात नव्हता.

बाईंनी वही उघडली. आवाज नेहमीसारखाच हळू, पण आता खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. “मी रोज तीनदा लिहीत होते. सकाळी आले की, दुपारी जेवायला घरी जाताना, आणि रात्री जाताना. रात्रीत काही जात नाही. सकाळच्या वेळात जात नाही. जातं ते फक्त दुपारी दोन ते रात्री आठ. गोठतो पण तेव्हाच. एकच दिवस गेलं नाही, गुरुवारी.”

“माझं अर्थिंग,” मी म्हणालो.

“गुरुवारी भजनी मंडळ पाटणला गेलं होतं.”

सगळ्या माना इंदूमावशीकडं वळल्या.

“आम्ही न्हाय हां हात लावला!” मावशी ठणकावून म्हणाली. “त्या कॉम्प्युटरला आम्ही शिवतसुद्धा न्हाय. दत्तोबाकडनं किल्ली घेतो, दोन ते चार भजन म्हणतो, जातो.”

“नुसतं म्हणता?”

“म्हंजे... लाल ठिपका दाबतो. तेवढंच.”

“कसला लाल ठिपका, मावशी?”

“माझा भाचा नंदू संक्रांतीला पुण्याहनं आला व्हता ना. स्पर्धेला गाणं पाठवायचंय. त्यानं शिकवलं. ह्ये बटण, मग ह्यो लाल ठिपका, मग गायचं. सगळं आत साठतं. होळीला येणार हाय त्यो, समदं काढून न्हेणार हाय.”

“आणि झाल्यावर बंद कसं करता?”

“करतो की! टीव्हीचं बटण दाबतो, काळं हुतं. वर कव्हर घालतो, पाया पडतो आन् जातो.”

नलवडेनं कपाळाला हात लावला. “अहो, तो नुसता डोळा मिटला त्याचा. कान उघडेच!”

मग एकेक उलगडा झाला. बाई जेवून चारला परत यायच्या, टीव्हीचं बटण दाबायच्या, लगेच चित्र यायचं. त्यांना वाटायचं दत्तोबानं चालू करून ठेवलाय, दत्तोबाला वाटायचं बाईंनी बंद केला नाही. खालच्या पट्टीत एक अनोळखी खूण दिसायची, पण क्लासच्या सरांनी त्यांना बजावलं होतं, आपला प्रोग्रॅम सोडून कशालाही हात लावायचा नाही. आठला दत्तोबा स्विच पाडायचा. अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग आतल्या आत एका लपलेल्या कप्प्यात पडून राहायचं. रोज सहा तासांचं, रोज जवळजवळ दोन जीबी.

“पण माईक कुठाय?” शेट्यांनी विचारलं.

मावशीनं बोट वर केलं. सरस्वतीच्या तसबिरीला कागदी फुलांचा हार होता. त्या हारात, देवीच्या वीणेच्या बरोबर खाली, छोटा काळा माईक लटकत होता. बरोबर टेबलाच्या डोक्यावर. आणि तिथं मी काल काय काय बोललो ते मला एकदम, शब्दाशब्दानं आठवलं.

“सापडलं ना!” मी टाळ्या वाजवल्या. “उडवा सगळं, नलवडे. चला, यादी छापायला घ्या.”

“उडवू कसं?” मावशी कडाडली. “बारा दिवसांचं भजन हाय आमचं! आधी ऐकू दे.”

नलवडेनं रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडला. त्यानं स्वतःहूनच विचारलं, ही बारा अर्धवट राहिलेली रेकॉर्डिंगं परत हवीत का. तारखा ओळीनं होत्या.

“शेवटचं लावा,” बाई म्हणाल्या. “कालचं.”

मी हुंगल्यासारखं केलं. “वास येतोय. वायर जळतेय! बंद करा, शॉर्ट होईल!” आणि वाकून प्लगकडं हात नेला.

“हात लावू नका, भालूभाऊ.”

सात महिन्यांत त्या बाईचा आवाज मी पहिल्यांदा मोठा ऐकला. हात आपोआप मागं आला.

आधी भजन निघालं. टाळ, मृदंग, मावशीचा पहाडी आवाज. बायका खूश. नलवडेनं पुढं सरकवलं. खुर्च्या सरकल्या, पेपर फडफडले, आणि शेट्यांचा आवाज आला, अगदी साजूक: “या मंडळाचं भजन ऐकलं की वाटतं, गिरणीचा पट्टा तुटला.”

इंदूमावशीनं हळूहळू मान वळवली. शेटे भिंतीला चिकटले.

“तुमचं नंतर बघते,” मावशी म्हणाली. “पुढं सरकव.”

पुढं सरकवलं. आणि मग तो आला. मी माझा आवाज आधी कधी बाहेरनं ऐकला नव्हता. मला वाटायचं भारदस्त आहे. नाकातला निघाला. “दत्तोबा, दाराकडं बघा. बाई आल्या की खोका.”

दत्तोबा आजवर कुणाला पळताना दिसला नव्हता. त्या दिवशी दिसला.

सगळं वाजलं. चोर घालतो पेटीत. शेटे सिनेमेवाले. स्कूटर. वायर कुणी धरली, जोडली कुणी. लोक एकदम हसत नव्हते, थांबून थांबून हसत होते, पुढचं ऐकू यावं म्हणून. शेट्यांच्या मिसेस केव्हा परत येऊन दारात उभ्या राहिल्या कळलं नाही. आणि शेवटी माझं ते, “झालं की. कुणाला कळतंय!” त्याच्यापुढं रेकॉर्डिंग संपलं होतं. जागाच संपली होती ना. मीच संपवली होती.

मी रंगेहाथ सापडलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात सापडावं तसं.

“शंभर पुस्तकं माझी काल गेली, भालूभाऊ,” एवढंच म्हणाल्या.

आतापर्यंत सगळे हसत होते ते मला चाललं होतं, आवडतही होतं थोडंसं. हे नाही आवडलं.

शेटे पुढं आले. वाटलं आता बोलणार. पण त्यांनी शर्ट नीट केला आणि गर्दीला विचारलं, “पैजेचं काय ठरलं?”

“चोर बाईंनी पकडला, भाल्यानं नाही!” दूधवाला ओरडला.

“आणि व्हायरसबी न्हवता!” मागनं कुणीतरी.

“व्हायरस हा काय उभा आहे,” इस्त्रीवाला म्हणाला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

नलवडेनं आत दहा दिवसांची रेकॉर्डिंगं उडवली, मावशीची चांगली दोन सीडीवर उतरवली. तेवीस जीबी मोकळी झाली. बाईंनी प्रोग्रॅम उघडला तसा तो चटकन उघडला, आणि प्रिंटरनं यादी ओढायला सुरुवात केली, कर्रर्र कर्रर्र. आदल्या दिवशीची शंभर सोडली तर सगळी जागच्या जागी होती.

बाहेर भाजीवाल्यांनी टोपल्या मागं ओढून गोल मोकळा केला. मावशीनं पदर खोचला, चपला काढल्या, हाताला माती लावली. शेट्यांच्या हातात तिनं टाळ दिले. “तुमी वाजवा. पट्टा तुटू देऊ नगा.” शेट्यांनी निमूट धरले.

“मावशी, वय झालंय माझं,” मी म्हणालो.

“माझं हुतंय अजून. दे हात.”

तिच्या पकडीत माझी बोटं अशी गेली की पाना-पक्कड आठवली. पाय जोडले, मागं झुकलो, आणि पेठ फिरायला लागली. पहिल्या तीन फेऱ्यांत मी हसत होतो. पाचव्याला माझी टोपी वांग्यांत पडली. आठव्याला दूधवाला, शेटे, मेडिकलची पाटी, सगळं एकच पट्टा झालं. बायका फुगडीची गाणी म्हणत होत्या आणि त्यात माझं नाव घालत होत्या. गुरवबाई पायरीवर येऊन उभ्या होत्या, हातात वही, एकेक फेरा मोजत, पेन्सिलीनं रेघ मारत.

“बाई!” फिरता फिरता मी ओरडलो, कारण थांबून म्हणायची हिंमत झाली नसती. “चुकलो! ती शंभर... मी... भरून देतो! तुम्ही सांगा... मी टाइप करतो!”

“सोळा,” बाई म्हणाल्या.

“एका बोटानं... करीन... पण करीन!”

“सतरा.”

अठरा, एकोणीस. वीस ऐकलं. शेवटचा फेरा मी डोळे मिटून मारला, आणि मावशी थांबली तसा मी कोथिंबिरीवर बसलो. टाळ्या पडल्या. शेट्यांनी एक टाळ जास्तच वाजवला. मी दोन्ही हात वर केले, पैज फेडली म्हणून.

“झाले एकवीस!” दूधवाला ओरडला.

बाईंनी वहीत बघितलं. रेघांवरून पेन्सिल फिरवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बारा दिवस रोज तीनदा आकडे लिहून ज्यांनी चोर पकडला त्या बाई. त्यांच्या मोजण्यात चूक व्हायची नाही हे अख्ख्या पेठेला तासाभरापूर्वीच कळलं होतं.

“वीस,” त्या म्हणाल्या, आणि वहीआड तोंड लपवलं.

“आन् मधी हात सोडलास, भाल्या,” म्हणत मावशीनं माझा हात धरून मला कोथिंबिरीतनं उपटून काढलं.